तीन महिने कुर्म्याबाहेर

कुर्माघर गावाच्या अगदी टोकाला होतं, पण तिकडे जाणारी वाट मात्र साऱ्या गावाच्या मधोमधून जात होती. हे असं कुणी ठरवलं कोण जाणे. ज्यानं ठरवलं त्याला त्या वाटेनं कधी जावं लागलं नव्हतं, एवढं नक्की. बाईची पाळी आली की तिनं चटई, जर्मनचं ताट आणि लोटा काखोटीला मारायचा, हातपंपावरून, गाव जमतं त्या गोटुलापुढून, गायत्याच्या म्हणजे गावच्या पुजाऱ्याच्या अंगणासमोरून चालत जायचं आणि पाच दिवस त्या कुडाच्या झोपडीत बसायचं. चुलीला हात लावायचा नाही, धानाच्या ढोलीला लावायचा नाही, देवखोलीकडे बघायचंही नाही. जेवण घरचं कुणीतरी आणून अंगणातल्या दगडावर ठेवी आणि मागे सरे.

धानोऱ्याच्या पुढे, एसटी दिवसातून एकदाच येते अशा त्या गावात करिश्मा लग्न होऊन आली त्याला चार वर्षं झाली होती. चार वर्षांत पन्नासेक वेळा ती या वाटेनं गेली असेल. बाकीच्या बाया कुर्म्याला कंटाळायच्या त्या गळक्या छपराला, विंचवाला, ओल्या जमिनीला. करिश्माला छपराचं काही वाटत नसे. तिला नकोशी वाटे ती वाट. ती चटई घेऊन निघाली की हातपंपावरच्या बाया बोलायच्या थांबत, आणि ती पुढे गेली की पुन्हा बोलू लागत. लच्छूच्या बायकोला याही महिन्यात काही नाही, ही बातमी तिनं स्वतःच्या पायांनी गावभर फिरून सांगायची, असा तो प्रकार होता.

आणि घरी सासू. कमळा तिचं नाव. करिश्मा तिला आत्या म्हणे. कमळा काही छळणारी बाई नव्हती. तिनं सुनेला कधी उपाशी ठेवलं नाही, कधी हात उगारला नाही. ती फक्त बोलत नसे. करिश्मानं चटई उचलली की ती एक लांब उसासा टाके आणि कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर जाई. यंदा उन्हाळ्यात मात्र ती बोलली. छत्तीसगडच्या सीमेकडच्या एका गावात लग्नाला गेली होती, तिथून परतल्यावर चुलीपाशी बसून तिनं शांतपणे सांगितलं की तिथं एक पोरगी पाहिली आहे, हाडापेरानं मजबूत आहे, दिवाळीपर्यंत वाट बघू आणि मग लच्छूसाठी तिला आणू. तू घरातून कुठं जाणार नाहीस, असंही तिनं वर सांगितलं. जणू तेवढ्यानं सुनेचं समाधान व्हावं.

लच्छू हे ऐकत बसला होता. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. दोष नवऱ्यातही असू शकतो, दोघांनी गडचिरोलीला जाऊन तपासून या, असं गावची आशा कार्यकर्ती दिव्यानीनं एकदा त्याच्या तोंडावर सांगितलं होतं. त्या दिवशी तो जाळं घेऊन नदीवर गेला तो दोन दिवस आलाच नव्हता. पुरुषाला रुसायला नदी असते. बाईला कुर्मा असतो, तोही रुसायला नाही.

पाळीचं रक्त धरणारी चकतीही दिव्यानीनंच दिली. धानोऱ्याच्या प्रशिक्षणात कुठल्याशा संस्थेच्या बायांनी तिला चार नग दिले होते, गावात वाटून बघा म्हणून. एकीनं ती परत केली, एकीच्या पोरानं तिचं चाक केलं, एकीनं शिंक्याला अडकवली. चौथी करिश्माकडे आली. तळहाताएवढी, मऊ रबराची गोल कडी आणि तिला पातळ पिशवीसारखा खोलगट तळ. चिमटीत दाबून लांबट करायची, आत सरकवायची, पुढच्या हाडामागे कडा अडकवायची. बारा तास बघायला नको. मग काढायची, ओतायची, धुवायची, पाळी संपली की पाण्यात उकळायची. दिव्यानीनं हे सगळं हाताच्या मुठीत घालून दाखवलं आणि बजावलं की ही कुर्म्यात वापरायची आहे, तिथं कापडं वाळत नाहीत म्हणून.

"दहा वर्ष काई होत नाई हिले," ती म्हणाली. "सडत नाई, गळत नाई. नीट ठेव."

पहिल्यांदा करिश्मानं ती कुर्म्यातच वापरली, धानाच्या रोवणीच्या दिवसांत. बाहेर पावसाची झड लागलेली आणि आत ती कोपऱ्यात उकिडवी बसून घामाघूम झालेली. चकती हातातून निसटून दोनदा भिंतीवर आपटली. तिसऱ्यांदा आत गेली पण तिरपी बसली आणि तासाभरात लुगडं भरलं. तिनं दिव्यानीला आणि त्या संस्थेच्या बायांना मनातल्या मनात चार शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी मात्र कडा हाडामागे बरोबर बसली. करिश्मा उठली, चालली, वाकली, ओढ्यावर जाऊन आली. काही नाही. लघवीला बसलं की थोडं आपोआप ओतलं जाई, तेवढंच. ना कापड, ना डाग, ना वास. पाळी आली आहे हे तिचं तिलाच आठवावं लागत होतं.

आणि कुठल्याही शहाण्या बाईच्या मनात जे आलं असतं तेच तिच्या मनात आलं. मला दिसत नाही, तर दुसऱ्या कुणाला काय दिसणार? एक महिना, फक्त एकच महिना त्या वाटेनं गेलं नाही तर?

पुढच्या महिन्यात ती गेली नाही. पहाटे ओढ्यावर जाऊन चकती बसवली आणि घरी येऊन चूल पेटवली. पहिल्या दिवशी भाकर थापताना, देवखोलीसमोरून जाताना आता काहीतरी होईल, वीज पडेल, म्हैस मरेल, असं वाटत होतं. काही झालं नाही. म्हशीनं उलट त्या दिवशी दूध जास्त दिलं. दुसऱ्या दिवशी करिश्मा हातपंपावर गेली, तेव्हा बाया बोलायच्या थांबल्या नाहीत. तिलाही त्यांनी गप्पांत ओढलं. चार वर्षांत एवढं सुख तिला कशानं दिलं नव्हतं.

तिनं एकच गोष्ट हिशेबात धरली नव्हती, आणि तीच तर धरायला हवी होती. ज्या गावात बाई कुर्म्यात गेली हे सगळ्यांना दिसतं, त्या गावात ती गेली नाही हेही सगळ्यांना दिसतं. कमळा मनात दिवस मोजत होती. आठ दिवस वर गेले, दहा गेले, आणि एका दुपारी करिश्मा पाण्याची गुंडी उचलायला वाकली तेव्हा कमळानं पुढे होऊन ती तिच्या हातातून काढून घेतली. स्वतःच्या डोक्यावर गुंडी घेऊन घरात गेली. तिच्या पाठीकडे बघताना करिश्माला एका क्षणात उमगलं, आत्याला वाटतंय सुनेला दिवस गेले.

तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगणार होती ती, खरंच सांगणार होती. पण संध्याकाळी कमळानं स्वतःच्या ताटातला मासा उचलून तिच्या ताटात ठेवला. दुसऱ्या दिवशी मोहाचे लाडू केले. तिसऱ्या दिवशी तिच्या डोक्याला तेल लावायला बसली आणि लच्छू पोटात होता तेव्हा आपल्याला मातीचा वास कसा गोड लागायचा ते सांगू लागली. सीमेकडच्या त्या पोरीचं नाव घरात पुन्हा निघालं नाही. चार वर्षं बंद असलेलं दार उघडलं होतं, आणि आपण लबाडीनं आत आलो आहोत हे करिश्माला कळत असूनही तिला बाहेर जाववेना. माणूस उबेला हपापलेला असला की त्याची अक्कल आधी जाते.

तिनं मनाशी एक हिशेब धरला होता. या महिन्यात खरंच राहिलं तर? मग कुणाला काय कळणार आहे, नऊचे दहा महिने झाले म्हणतील. पण कमळानं तोही मार्ग बुजवला. पहिल्या तीन महिन्यांत जपावं लागतं म्हणून तिनं लच्छूची खाट उचलून ओसरीवर नेली आणि स्वतः सुनेशेजारी निजू लागली. जे पोर नव्हतंच त्याला जपण्यासाठी, जे होऊ शकलं असतं त्याची वाट तिनं बंद केली. यावर हसावं की रडावं हे करिश्माला कळेना. ती दोन्ही करू शकत नव्हती, कारण सासू शेजारी निजलेली असे.

दुसरी पाळी आली ती नेमकी नव्या धानाच्या सणाला. नवं धान देवाला दाखवल्याशिवाय गावात कुणी तोंडात घालत नाही, आणि त्या दिवशी कुर्म्यातल्या बाईची नजरही त्या धानावर पडू द्यायची नाही. करिश्मानं डोकं दुखतं म्हणून निजून राहायचं ठरवलं होतं. कमळानं तिला उठवलं, नवं लुगडं नेसवलं आणि सगळ्यांच्या पुढे नेऊन बसवलं. नातवाच्या नवसाचा बोकड कापला गेला. गायत्यानं धानाची पहिली ओंजळ लच्छूच्या बायकोच्या हातात दिली, घरात भर पडणार आहे म्हणून. ती ओंजळ तिनं धरली. आत चकती होती आणि चकतीत रक्त होतं, आणि हातात देवाचं धान होतं. ते तिच्या घशाखाली कसं उतरलं ते तिचं तिलाच ठाऊक.

दिव्यानी गरोदर बायांची वही घेऊन आली तेव्हा तिला एका नजरेत समजलं. कमळा नाव लिही म्हणून मागे लागली होती. दिव्यानीनं कार्डं संपली आहेत, पुढल्या महिन्यात लिहीन असं सांगून वेळ मारून नेली. निघताना कुंपणापाशी ती करिश्माला हळूच, पण चांगलंच लागेल असं बोलली. हे मी तुला पळवाटेसाठी दिलं नव्हतं, पुढल्या खेपेला तू सांग, नाहीतर मला सांगावं लागेल. करिश्मानं मान हलवली. मान हलवायला काही लागत नाही.

तिसरी पाळी आली आणि गेली. धान कापायला आलं होतं. रानडुकरं आणि पोपट हाकायला करिश्मा दिवसभर शेतातल्या खोपडीत असे. जड काम नको म्हणून कमळानंच तिला हे बसकाम दिलं होतं. तिथं तिनं तीन दगडांची चूल मांडली आणि भरदुपारी छोट्या गंजात चकती उकळायला ठेवली. वर झाकण ठेवलं आणि पोपट हाकायला बांधावर गेली.

परतली तेव्हा कमळा चुलीपाशी बसलेली होती. बाजूला आंबिलीचं भांडं होतं, वर पळसाचं पान झाकलेलं. उन्हात एवढी चालत आली होती ती, भेगाळलेल्या पायांनी, सुनेच्या तोंडाला चव नसेल म्हणून. आणि पोरीनं काय शिजवलं ते बघावं म्हणून तिनं गंजावरचं झाकण उचललं होतं. पाण्यात ती गोल कडी खळखळ फिरत होती.

काय आहे हे, असं तिनं विचारलं. तिच्या आवाजात संशयाचा लवलेश नव्हता. करिश्मा काहीही सांगू शकली असती. कुकरचं रबर आहे, मोटारपंपाचा वायसर आहे, म्हणाली असती तर कमळानं मान डोलावली असती. पण ते पळसाचं पान तिनं पाहिलं. माशी बसू नये म्हणून कडेनं नीट खोचलेलं पान. तिच्यानं खोटं बोलवेना. तिनं बसून सगळं सांगितलं. कडी कशी बसते ते, पहिला महिना, दुसरा महिना, हा महिना. सांगताना ती रडली नाही, कारण रडून दया मागितल्यासारखं झालं असतं.

पाणी आटत आलं तेव्हा कमळानं चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"पोटात काई नाई?"

"नाई, आत्या."

"कवाच नव्हतं?"

"नव्हतं."

मग कमळानं जे विचारलं ते विचारू नये म्हणून करिश्मा मनातल्या मनात देवाला आळवत होती, त्याच देवाला.

"नव्याच्या दिवशी होतं तुले?"

"होतं."

कमळा उठली. मारील असं करिश्माला वाटलं, आणि तिनं मारावं असंही वाटलं. पण कमळा खोपडीच्या मागे गेली आणि तिथं तिला कोरड्या उलट्या झाल्या. परत आली तेव्हा तिचं तोंड एका दुपारीत दहा वर्षांनी म्हातारं झालं होतं. इतके दिवस जिनं डोक्याला तेल लावलं ती बाई आता कुठंच नव्हती. उसासा टाकणारी जुनी बाईही नव्हती. ही कुणी तिसरीच होती.

तिनं थोडक्यात सगळं मांडलं. हे गावात कळलं तर साऱ्या गावानं बाटलेलं धान खाल्लं असं होईल. यंदा कुणाचं पोर तापलं, कुणाची गाय मेली तरी ते आपल्या दारात येईल. लच्छूला जातीत बसू देणार नाहीत. बोकडाचं मटण गावानं खाल्लं आहे, ते कुणाच्या पोटातून परत काढता येत नाही. तेव्हा कुणाला कळायचं नाही. दिव्यानीचं तोंड ती स्वतः बंद करील.

"पडलं म्हण," कमळा म्हणाली. "आत्ताच, इथीच पडलं. मी पाहिलं. तू कुर्म्यात जाय. एक डाव धरलं ते पुन्हा धरंल म्हणतीन लोक. तुले एक साल भेटते. मग मी ते पोरगी आनतो."

मग तिनं गंज उपडा केला. चकती वाळूत पडली, वाफाळलेली, स्वच्छ. कमळानं आपल्या लुगड्याचा पदर फाडला, त्याच्या तुकड्यानं ती उचलली आणि गुंडाळू लागली. करिश्माला वाटलं, ओढ्यात फेकायला नेते आहे. पण गुंडाळताना कमळाचा हात सावकाश फिरत होता, वरून, खालून, कडा आत दुमडत. तिनं ती पुरचुंडी छातीशी धरली आणि मोठ्यानं हंबरडा फोडला. शेजारच्या शेतातल्या बाया विळे टाकून धावत आल्या. तो हंबरडा खोटा नव्हता. त्यात काय काय होतं हे त्या दोघींनाच माहीत होतं, पण खोटं त्यात काहीच नव्हतं.

जन्मून गेलेलं किंवा पोटातच संपलेलं पोर तिकडे मोहाच्या झाडाखाली पुरतात. मोहाला पान्हा असतो, त्याच्या मुळाशी लेकरू उपाशी राहत नाही म्हणतात. कमळानं घरामागच्या मोहाखाली एकटीनं खड्डा खणला, कुणाला हात लावू दिला नाही. पुरचुंडी ठेवली, माती लोटली, वर दगड मांडला आणि त्यावर दुधाची धार सोडली.

करिश्मा तोवर चटई आणि ताट घेऊन त्या वाटेनं निघाली होती. हातपंपावरच्या बाया बोलायच्या थांबल्या. या वेळी दोघी तिघी पुढे आल्या आणि तिची चटई त्यांनी धरली. कुर्म्यात तीन पोरांची आई अन्नपूर्णा होती. चार वर्षं तिनं करिश्माला आपल्या पोरांना फारसं घेऊ दिलं नव्हतं, नजर नको म्हणून. तिनं करिश्माचं डोकं मांडीवर घेतलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. माझंही एक गेलं होतं, थोरल्याच्या आधी, असं सांगून ती स्वतःच रडू लागली. करिश्मा मात्र कोरडी होती, पाळी संपून दोन दिवस झाले होते. कुर्म्यात रक्त नसलेली तीच एक बाई होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवण घेऊन लच्छू आला. पुरुष कुर्म्याकडे फिरकत नाहीत, तो आला. ताट दगडावर ठेवून तो मागे सरला नाही. दगडापलीकडे उभा राहिला, डोळे सुजलेले, अंगात तोच तीन दिवसांचा सदरा. चार वर्षांत त्यानं तिला एवढा वेळ कधी सरळ पाहिलं नव्हतं. आईनं दगड ठेवला आहे पण डुकरं उकरतील, म्हणून आपण बांबूचं कुंपण घालून घेतलं, असं त्यानं सांगितलं. आई खोल पुरलं म्हणते, तरी घातलं. मग तो बराच वेळ पायाखालची माती अंगठ्यानं उकरत राहिला.

"पोरगा होता का पोरगी?" त्यानं विचारलं. "आई सांगत नाई."

तीन महिन्यांच्या मांसाच्या गोळ्यात काय कळतं, असं ती म्हणू शकली असती. पण तो असा उभा होता की त्याला काहीतरी हातात द्यायलाच हवं होतं, आणि तिच्याजवळ द्यायला दुसरं काहीच नव्हतं.

"पोरगी," ती म्हणाली.

लच्छूनं मान हलवली. दोनदा हलवली, नीट लक्षात ठेवल्यासारखी. मग तोंडावर हात फिरवून तो त्याच वाटेनं, गायत्याच्या अंगणासमोरून, गोटुलापुढून, हातपंपावरून घराकडे गेला आणि साऱ्या गावानं त्याला रडताना पाहिलं.

तेव्हा कुठे करिश्माला रडू फुटलं, आणि फुटलं ते आवरेना. अन्नपूर्णा म्हणत राहिली की होईल, पुन्हा होईल, मोहाखाली गेलेलं मातीत मिळून जातं आणि परत त्याच घरात येतं. करिश्माला दिव्यानीचं बोलणं आठवत होतं. सडत नाही, गळत नाही. पुढच्या नाही, त्यापुढच्या चैतात ती त्याच मोहाखाली फुलं वेचायला बसेल, लच्छू कुंपण नव्यानं बांधील, सीमेकडची ती पोरगी घरात आलेली असेल, आणि दगडाखाली ते आहे तसंच असेल, दहा वर्षं.